धुराडं कुणाला, धूर कुणाला

आधी कबुली देतो, मग भांडतो. मी तंबूच्या आत चूल पेटवली होती.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही तिघे मित्र उजनीच्या बॅकवॉटरला, कुंभारगावच्या अलीकडे, तंबू ठोकून राहिलो. सकाळी उठून अग्निपंख बघायचे, हे घरी सांगितलेलं कारण. खरं कारण होतं मित्राने ऑनलाइन मागवलेला लाकडाचा फोल्डिंग स्टोव्ह. पत्र्याची पेटी, चार पाय आणि एकात एक बसवत जायची नळी. सोबतच्या तंबूला नळी बाहेर काढायला छतात भोक होतं, त्याभोवती न जळणाऱ्या कापडाचं ठिगळ. तुम्हीही तशा रील्स पाहिल्या असतील. बाहेर गुडघाभर बर्फ, आत लालसर उजेड, स्टोव्हवर कॉफीचं भांडं आणि मागे मंद संगीत. आमच्याकडे बर्फ नव्हता. बाहेर बारा अंश होते आणि आजूबाजूला ऊस होता.

वारा सुटला तशी नळी हलायला लागली. म्हणून वरचे दोन तुकडे काढून ठेवले. म्हणजे नळीचं तोंड छताच्या जेमतेम वर राहिलं आणि वारा धूर परत आत ढकलू लागला. लाकूड वेड्या बाभळीचं, तेही ओलसर. तासभर डोळे चोळत बसलो. मग जाळ बसला, धूर थांबला, पेटीत नुसते निखारे राहिले. आम्हाला वाटलं, आता बेस्ट. गार वारा येतो म्हणून तंबूची खिडकी लावली, चेन ओढली आणि झोपलो.

मला जाग आली ती लघवीला लागली म्हणून. डोकं कुणीतरी आतून ठोकावं तसं ठणकत होतं. उभा राहिलो तर पाय पिठाचे झालेले. चेन कशीबशी उघडली, बाहेर पडलो आणि तिथेच ओकलो. एका मित्राने हाकेला ओ दिली. दुसरा उठेना. त्याला दोन्ही खांद्यांना धरून ओढत बाहेर आणला तेव्हा तो बरळत होता. उघड्यावर तासभर पडून राहिल्यावर तो शुद्धीवर आला. तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता. आम्ही गेलो नाही, घरी कळेल म्हणून. हा दुसरा मूर्खपणा.

या लेखात मला दोन भांडणं करायची आहेत. पहिलं आमच्यासारख्यांशी. दुसरं आमच्या तालुक्यांशी. दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून एकाच लेखात करतो.

पहिलं भांडण

लाकूड पेटतं तेव्हा त्याला पुरेशी हवा मिळाली तर बराचसा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. पण या वायूला ते ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. म्हणजे श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते आणि शरीर आतून उपाशी पडत असतं. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, गरगरतं, झोप येते. जागा माणूस म्हणतो, दमलो असेन. झोपलेला माणूस काहीच म्हणत नाही.

यात सगळ्यात फसवी वेळ कोणती? धूर थांबतो ती. आपण धुराला घाबरतो, निखाऱ्याला नाही. पण ज्वाळा गेल्यावर धुमसत राहणारे निखारेच हा वायू भरपूर सोडतात. शिवाय जाळ ओसरला की नळी थंड होते, तिची ओढ कमी होते आणि वायू वर जाण्याऐवजी आत रेंगाळतो. आम्ही नेमक्या त्या क्षणी खिडकी लावली. आमच्यातला एक इंजिनिअर आहे. दुसरा बीएस्सी केमिस्ट्री. तो बीएस्सी मीच.

असे आम्हीच होतो असं नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून फिरायला गेलेली आठ माणसं, त्यात चार लहान मुलं, हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपली आणि उठली नाहीत. आपल्याकडच्या शहरांत बाथरूममधल्या गॅस गिझरने हेच होतं. रिचर्ड बर्डसारखा कसलेला ध्रुवीय प्रवासी १९३४ मध्ये अंटार्क्टिकाच्या एका तळावर एकटा हिवाळा काढत होता. स्टोव्ह आणि जनरेटरच्या वायूने तोही मरणाच्या दारात जाऊन आला. त्याच्याकडे निदान कारण होतं. तिथे स्टोव्ह विझवला तर गोठून मरायचं आणि पेटवला तर गुदमरून. आमच्याकडे काय कारण होतं? घरी दोन रजया पडून होत्या.

यावर एक उत्तर नेहमी येतं: जगभर लोक तंबूत विस्तव ठेवूनच जगलेत. बरोबर आहे. पण त्यांनी विस्तवाआधी धुराची वाट ठरवली. मंगोलियाच्या गेरला मधोमध छताला गोल झरोका असतो आणि चुलीची नळी तिथून वर जाते. लडाखमधले चांगपा पशुपालक याकच्या केसांचा रेबो उभारतात, त्याच्या माथ्यावर धुरासाठी फट ठेवलेली असते. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या टिपीला वर कापडाचे दोन कान असतात, वाऱ्याची दिशा बघून ते फिरवायचे. ते पाहूनच अमेरिकी लष्करातल्या हेन्री सिब्लीने १८५६ मध्ये आपल्या तंबूचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याच्या नावाचा पत्र्याचा शंकूसारखा स्टोव्ह नळीसकट त्या तंबूत बसला. या सगळ्यांत पहिला विचार चुलीचा नाही, धुराड्याचा आहे. रीलमध्ये ते दिसत नाही, कारण धुराडं फ्रेमच्या वर असतं.

आपल्याकडेही हे शहाणपण होतं. आजी तांब्याचा बंब परसात पेटवायची. बंब म्हणजे तरी काय, पोटातून नळी गेलेली शेगडीच. जाळ खाली, धूर नळीतून वर, पाणी भोवती. इंदापूर-बारामतीत थंडीची खरी मजा म्हणजे हुरडा. त्याची आगटी रानात, उघड्यावर, जमिनीत खड्डा करून, गोवऱ्यांची. आठ-दहा माणसं भोवती बसतात, राखेत कणसं भाजतात, तळहातावर चोळून खातात. तिथे कुणी गुदमरून मेल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण आपला वेडेपणाही जुना आहे. बाळंतिणीची खोली आठवा. खिडक्या बंद, दाराला गोधडी, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि शेजारी आठ दिवसांचं बाळ. शेक हवा यात वाद नाही. पण बंद खोलीत निखारे ठेवणं हे औषध नाही, जुगार आहे. आजही कुणाच्या घरी हे चालू असेल तर आजीशी भांडा. शेक देऊन झाला की शेगडी बाहेर आणि खिडकी उघडी, एवढंच भांडायचं आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बारामती-इंदापूरच्या थंडीत तंबूच्या आत विस्तव लागतच नाही. इथे पारा दहा-बारा अंशांवर येतो, एखाद्या रात्री त्याखाली. त्याला जाड अंथरूण पुरतं. थंडी अर्धी जमिनीतून येते, हे इथल्या कुठल्याही मेंढपाळाला विचारा. हिमालयात जाऊन पेटवायचाच असेल तर पूर्ण उंचीची नळी, खाली आणि वर दोन्हीकडे हवेची वाट, सुकं लाकूड, बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि झोपण्याआधी विस्तव तंबूबाहेर. यातलं एकही जमणार नसेल तर गोधडी घ्या. गोधडीची रील होत नाही, हे मान्य.

दुसरं भांडण

त्या सकाळी आम्ही तंबू गुंडाळला आणि मी एकटा घरी निघालो. माझं घर भवानीनगरच्या पट्ट्यात आहे. आमचा ऊस छत्रपती कारखान्याला जातो. रस्त्याकडेला आमच्याच शेताच्या कोपऱ्यावर टोळी उतरली होती. तेवीस कोप्या. डोकं अजून जड होतं, म्हणून गाडी थांबवून पाणी मागितलं.

फडाकडे निघालेल्या एका मावशीने तांब्या दिला. तोंड बघून तिने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "आन् दादा, घर आसताना पालात कामून निजलात?"

मला उत्तर आलं नाही. तिच्या मागे तिची कोपी होती. बांबू वाकवून केलेला सांगाडा, त्यावर पाचट, पाचटावर निळी ताडपत्री. आत एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल. दुसऱ्या कोपऱ्यात बाळ झोपलेलं. चूल बाहेर का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, बाहेरच असते, पण वारं सुटलं की जाळ उडतो आणि पलीकडची कोपी पेटायची भीती. पहाटे तीनला उठून भाकरी टाकायच्या तर थंडीत बाहेर हात चालत नाहीत. "धुराचं दार उघडं ठिवलं तर लेकरू गारठतंय. लावून घेतलं तर खोकतंय. कंचं करावं तुमीच सांगा."

मी बीएस्सी केमिस्ट्री. मला तेही सांगता आलं नाही.

आपण ज्याला विंटर कॅम्पिंग म्हणतो, ते बारामती आणि इंदापुरात दरवर्षी भरतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना भागांतून माणसं येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत उघड्या माळावर राहतात. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या भोवती. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल आधी घेतलेली असते, ती फेडायची असते. इतकी मोठी, इतकी लांब, इतक्या थंडीतली कॅम्पिंग महाराष्ट्रात दुसरी नाही. फक्त तिचं बुकिंग मुकादम करतो आणि तिचे फोटो कुणी टाकत नाही.

आणि कोपी बदलली आहे, हे आम्ही शेजारी असून पाहिलं नाही. नुसत्या पाचटाची कोपी श्वास घेते. चुलीचा धूर पाचटातून झिरपत वर जातो. लांबून बघितलं तर अख्खी कोपी धुमसताना दिसते. दव आणि अवकाळी पाऊस अडवायला वर ताडपत्री आली, ती बरोबरच आली. पण तिने पाण्याबरोबर धुराचीही वाट अडवली. आता ती कोपी आमच्या तंबूसारखीच झाली आहे. फरक इतकाच की आमच्याकडे निदान अर्धी नळी होती.

धुराचं नुकसान एका रात्रीत दिसत नाही म्हणून ते नुकसान नाही, असं आपण धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुली आणि तशाच इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख मृत्यू झाले. त्यात पाच वर्षांखालची मुलंही मोठ्या संख्येने आहेत. हा आकडा घरांतल्या चुलींचा आहे. कोपीला घर म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

आता मान वर करून कारखान्याकडे बघा. साधारण शंभर किलो ऊस गाळला की तीसेक किलो बगॅस निघतो. तो बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो. आपल्या भागातल्या कारखान्यांनी सहवीजनिर्मितीचे प्रकल्प उभारले आहेत, वीज वर विकली जाते. या जाळाचा धूर जाण्यासाठी उंच धुराडं असतं, इतकं उंच की गावाची वाट चुकलेला माणूस ते बघून रस्ता शोधतो. म्हणजे जाळाला धुराडं लागतं हे ज्ञान आपल्याकडे आहे. पैसा आहे. कारागीर तर आहेतच आहेत. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगर आहे, जिथे साखर कारखान्यांची यंत्रं आणि बॉयलर होतात, जिथे इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार झाले. ज्या तालुक्याचा पत्रा आकाशात जातो, त्या तालुक्यात कोपीच्या छताबाहेर हातभर जाणारी नळी का होत नाही?

होत नाही, कारण कुणी मागितली नाही. मागितली नाही, कारण ज्यांना हवी आहे त्यांचं मत इथे नाही, ते परळीत, गेवराईत, पाथर्डीत आहे. आणि आमचं मत इथे आहे, पण आमचं लक्ष टोळी कधी येते आणि ऊस कधी तुटतो एवढ्यावर. हे मी कारखान्याच्या माथी मारून मोकळा होणार नाही. कोप्या माझ्या बांधावर होत्या. मी त्यांच्या समोरून बुलेटवर जात होतो, डिकीत साडेनऊ हजारांचा स्टोव्ह घेऊन.

काही उत्तरं ठरलेली आहेत. तीही घेऊ.

"त्यांना सवय असते." हिमोग्लोबिनला जात नसते, जिल्हा नसतो आणि सवय तर नसतेच. सवय होते ती खोकल्याची.

"गॅस घ्यावा ना, उज्ज्वला आहे." आहे. २०२१ साली आलेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल, असंही ठरलं. चांगलंच झालं. पण अनेकांचं सिलिंडर गावाकडे म्हाताऱ्यांपाशी राहतं. इथे भरून आणायला रोख लागते आणि हाताशी असतं फुकटचं पाचट, वाळलेली बाभूळ. पाचटाच्या कोपीत गॅस ठेवायची भीती वेगळी. आणि गॅसलाही मोकळी हवा लागतेच, दामनच्या त्या खोलीत गॅसच होता.

"धूर न होणारा कोळसा द्या." हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. नीरा ओलांडली की फलटण. तिथे आणि पुण्यात काम करणाऱ्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शेतात जाळून टाकलं जाणारं पाचट कोळशात बदलण्याची रीत बसवली आणि त्यासाठी २००२ मध्ये इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळवला. आपल्याच भागातल्या माणसांनी आपल्याच पाचटावर केलेलं हे काम आहे, अभिमान वाटावा असं. पण तो कोळसा मोकळ्या हवेतल्या चुलीसाठी. बंद ताडपत्रीत तो पेटवला तर धूर नसेल आणि धोका मात्र असेल. आमच्या निखाऱ्यांनीही धूर केला नव्हता.

"आता हार्वेस्टर आलेत, टोळ्या संपतील." संपतील तेव्हा संपतील. या हंगामातलं बाळ या हंगामातच श्वास घेतंय.

मग करायचं काय? मी मोठी मागणी करत नाही. पक्की घरं हवीतच, पण त्या नावाखाली लहान गोष्टी वर्षानुवर्षं लांबतात. म्हणून लहानच मागतो. जिथे टोळी उतरते तिथे कोप्यांपासून लांब, वाऱ्याला एका बाजूने आडोसा आणि तीन बाजूंनी मोकळी अशी पत्र्याची स्वयंपाकाची शेड. म्हणजे कोपी पेटायची भीती नाही आणि धूरही आत नाही. ज्यांना कोपीतच चूल हवी, त्यांना पत्र्याची बंद चूल आणि छताच्या वर जाणारी नळी, नळी ताडपत्रीला टेकू नये म्हणून मध्ये पत्र्याची चकती. ताडपत्रीच्या माथ्यावर झाकणाची फट. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक माणसामागे एक जाड रग, म्हणजे ऊब मिळवायला विस्तव आत आणावा लागणार नाही. आणि मुकादमाला एक वाक्य पाठ: सकाळी घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखत असेल तर तो थकवा नाही, आधी बाहेर काढा आणि दवाखाना गाठा.

पैसे? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले आहेत. दहा लाख टन गाळणारा एक कारखाना धरा. एक कोटी रुपये झाले. त्या एक कोटीत किती नळ्या बसतात, हे वालचंदनगरच्या कुठल्याही फॅब्रिकेटरला विचारा. तो कागदावर नाही, तळहातावर हिशोब करून देईल.

आणि कारखान्याची वाट बघत बसायचं नसेल तर आपण सभासदांची पोरं आहोत. वार्षिक सभेत आपले वडील भावासाठी ओरडतात, ओरडलंच पाहिजे. त्याच सभेत उभं राहून नळीसाठी ओरडायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

त्या दिवशी मी तो स्टोव्ह कोपीत देऊन टाकावा, असा विचार मनात आला होता. दिला नाही. पेटी इतकी लहान की तिच्यावर भाकरीचा तवा बसत नाही. ती बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कॉफी होती, आठ माणसांच्या भाकरी नव्हत्या. मग बारामतीच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या पत्रेवाल्याकडून तवा मावेल अशी चूल आणि साडेसहा फुटांची नळी करून घेतली. पहिल्या दिवशी ती नीट ओढेना. मावशीनेच तिच्या तोंडाला दोन विटा लावून हवा जुळवली. तेवीस कोप्यांत एक नळी लागली. बावीस राहिल्या. मार्चमध्ये टोळी गेली, जाताना मावशीने नळी सोडून पाचटात गुंडाळून नेली.

ऑक्टोबरात टोळी परत येईल. त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरात आपापल्या कारखान्याची सभा आहे. मी बोलायला उभा राहणार आहे. तुमचा ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथे तुम्ही उभे राहा. आणि हिवाळ्यात उजनीला याल तेव्हा तो स्टोव्ह घरी ठेवा, गोधडी आणा. वाटेत कोप्या दिसतील. थांबा आणि वर बघा, धुराडं आहे का ते.